कागदावरची इमारत आणि माझा मामा

वसईच्या खाडीपासून विरारच्या डोंगरापर्यंत कधीही खोटं न बोलणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे विजेचं मीटर; आणि त्या मीटरवर देवासारखा विश्वास ठेवणारा माणूसही एकच आहे, तो म्हणजे माझा मामा. बाकी आपण सगळे कागदावर विश्वास ठेवणारे. मी तर कागदावरच जगते. इमारत उभी राहण्याआधी ती वर्षाला किती वीज खाईल हे संगणकावर मांडून दाखवायचं, हा माझा पेशा. त्यासाठी मी इंजिनीअर झाले. आमच्या घरात दहावीची वेस ओलांडणारी मी पहिली, त्यामुळे फुलपाड्याच्या आमच्या दीड खोलीत माझी पदवी देवांच्या शेजारी टांगलेली आहे आणि तिची चौकट देवांच्या चौकटीपेक्षा मोठी आहे. हे मी लाजत सांगत नाही. ज्यांच्याकडे तीन-तीन पिढ्यांच्या पदव्या आहेत त्यांनी खुशाल लाजावं, त्यांना परवडतं.

मामाकडे पदवी नाही. नायगावच्या खाडीकडेला आमच्या आजोळची केळीची वाडी आहे, म्हणजे टॉवर उठता उठता जी काही उरली आहे ती. तिथल्या भातगिरणीच्या मोटरीनं मामाला सोळाव्या वर्षी असा काही झटका दिला की तो दोन हात लांब कोंड्याच्या ढिगात जाऊन पडला, आणि शुद्धीवर आल्यावर, आई सांगते, पहिलं वाक्य बोलला ते असं: "हिच्या पोटात काय हाय ते बघतो." तेव्हापासून तो बघतोच आहे. वायरमनचं काम त्यानं पुढे रीतसर शिकून घेतलं, पण त्याची खरी शाळा तो झटका. बेताची उंची, शिंपी कानावर पेन्सिल ठेवतो तसा कानावर टेस्टर, आणि उजव्या हाताचा तळवा कायम कशावर तरी टेकलेला: पंपावर, बोर्डावर, नाहीतर नुसत्याच भिंतीवर. वैद्यानं नाडी बघावी तसे मिनिटभर डोळे मिटायचे आणि मग निदान सांगायचं. आमच्या फ्रीजवर एकदा हात ठेवून म्हणाला, "ह्याला ताप हाय." आई म्हणाली, "दादा, फ्रीजला कसला रे ताप?" तिसऱ्या दिवशी फ्रीज गेला. त्यानंतर महिनाभर आई मामाशी धड बोलली नाही, जणू त्यानंच दृष्ट लावली होती.

कुणाच्याही घरी गेला की मामा आधी मीटर बघतो, मग माणसं. बाकीचे पाहुणे वर जाऊन, पाणी पिऊन, तब्येतीच्या चौकशा आटोपून बसलेले असतात आणि हा अजून जिन्याखाली वाकून उभा. माझ्या मावसबहिणीसाठी स्थळ बघायला आम्ही अकरा माणसं गेलो होतो. मुलगा बरा, घर स्वतःचं, कांदेपोह्यांत खोबरं सढळ. बोलणी अगदी रंगात आली होती आणि तेवढ्यात मामा खालून वर आला आणि दारातूनच म्हणाला, "पोरगी नाय द्यायची." पोह्यांच्या बशा हवेत राहिल्या. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "का हो, काय झालं?" तर मामा म्हणतो, "मी तुमच्या पोरग्याला सगळं बंद करायला लावलं. पंखा, टीव्ही, फ्रीज, समदं. तरी मीटर पळतंय." झालं होतं एवढंच, की शेजाऱ्याचा पाण्याचा पंप चार वर्षं यांच्या लायनीवर होता आणि यांना पत्ता नव्हता. आता याला कोणी दोष म्हणेल का? मामा म्हणाला, "आपल्या घरात काय चाललंय ते ज्यांना चार वर्सं कळत नाय, त्यांच्या घरात पोरगी काय बोलते ते तरी कधी कळनार?" ते लग्न मोडलं. मावशी अजून मामाला त्यावरून टोमणे मारते. मावसबहीण मारत नाही.

फुकट जळणारा दिवा त्याला दिसला की त्याच्या जिवाची तगमग होते. राजोडीला एकदा आम्ही सगळे कुटुंबासकट समुद्रावर गेलो. आम्ही पाण्यात आणि हा सुरूच्या झाडांमधून फिरत एका रिसॉर्टचे भर दुपारी पेटलेले दिवे एकेक करून मालवत होता. मालक काठी घेऊन आला आणि अर्ध्या तासानं मामाबरोबर गुडघ्यावर बसून मोटर उघडून बघत होता. पण कमाल झाली ती शेजारचे तात्या गेले तेव्हा. देह बाहेरच्या खोलीत ठेवलेला, वर पंखा गरगर फिरतोय, आणि आतल्या खोलीत तीस बाया घामानं निथळत बसलेल्या. मामा आला, पाया पडला, दोन मिनिटं उभा राहिला, मग त्यानं सगळ्यांसमोर वरचा पंखा बंद केला आणि कोपऱ्यातला टेबलफॅन उचलून आतल्या बायांकडे तोंड करून लावला. कुणीतरी कुजबुजलं, "अहो, निदान आज तरी…" मामा शांतपणे म्हणाला, "तात्याला आता उकडत नाय. ह्यांना उकडतंय." हे त्यानं विजेसाठी केलं की बायांसाठी, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. आता वाटतं, त्याच्या लेखी त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

मी इंजिनीअर झाले तेव्हा त्याला कोण आनंद झाला! पेढे घेऊन आला, देवांशेजारच्या चौकटीकडे मान वर करून बघत उभा राहिला आणि मग खाटेवर बसून त्यानं माझी परीक्षा घेतली. "म्हंजे बाय, बिल्डिंग बांधायच्या आदीच तू सांगनार, तिला वीज किती लागेल?"

"हो मामा."

"कसं गं?"

मी उत्साहानं सांगायला लागले. भिंती कशाच्या, काचा किती, ऊन कुठून येतं, मग माणसं किती. "म्हणजे समज, माणसं सकाळी नऊला येतात, सहाला जातात, खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करतात, एसी चोवीसवर ठेवतात, रविवारी सुट्टी…"

मामानं हात वर करून मला थांबवलं. "कोन मानसं?"

"अशीच. कोणीही. मानलेली."

"त्यांची नावं काय?"

"नावं नसतात रे मामा! हिशेबासाठी धरलेली माणसं ती."

"मंग बरोबर हाय," तो म्हणाला आणि पेढा तोंडात टाकला. "ज्यांना नावं नसतात तीच मानसं सहाला जातात." आम्ही सगळे हसलो. मी जरा जास्तच हसले, कारण माझ्या मनात आलं, बिचारा, याला कसं समजावणार. पदवी घेतल्यावर पहिल्या वर्षी माणूस बऱ्याच जणांना मनातल्या मनात बिचारा म्हणतो.

पुढे विरार पूर्वेला एका शिक्षणसंस्थेनं कॉलेजची नवी इमारत बांधली. पाच मजले, पश्चिमेला निळी काच, आणि विजेचा हिशेब आमच्या कंपनीकडे, म्हणजे माझ्याकडे. माझं पहिलं मोठं काम. मी जीव ओतला. कागदावर ती इमारत इतकी गुणी झाली की तिला पर्यावरणस्नेही म्हणून मोठा दर्जा मिळाला, दारात पितळी पाटी लागली, प्राचार्यांनी शाल घेतली, आमच्या साहेबांनी शाल घेतली, आणि मी शालींचे फोटो काढले. मामा त्याच इमारतीत एका कंत्राटदाराकडून वायरमन म्हणून लागला, तोही स्वतःहून. मला हे कळलं तेव्हा तो तिथे दोन महिने काम करत होता. "सांगायचं नाही का रे?" म्हटलं, तर म्हणाला, "तुजी बिल्डिंग हाय म्हनूनच धरली. तुजी लेक सासरी गेली असं समज, आनि मी तिच्या शेजारी राहायला गेलो."

लेक सासरी गेली आणि तिनं गुण उधळले. कागदावरच्या इमारतीत निळ्या काचेतून भरपूर उजेड येणार होता, दिवे लावायची गरजच नव्हती. खऱ्या इमारतीत दुपारी दोननंतर त्या काचेतून असा काही सूर्य आत यायचा की सगळ्या प्राध्यापकांनी पडदे शिवून घेतले, पडदे ओढून अंधार केला आणि अंधारात दिवे लावले. कागदावर खिडक्या उघड्या राहून वारा खेळणार होता. तिथे संध्याकाळी चारपासून डास खेळतात, त्यामुळे खिडक्या बंद, आणि एका विभागानं तर खिडक्यांसमोर लोखंडी कपाटंच लावली. कागदावर एसी चोवीसवर. प्राचार्यांच्या खोलीत तो सतरावर आणि प्राचार्य मे महिन्यात स्वेटरमध्ये. कागदावर पंप दिवसातून तासभर चालायचा. पण पाणी टँकरचं, टँकर येईल तेव्हा येणार, खालच्या टाकीत पडणार, वरची टाकी गळकी, त्यामुळे पंप दिवसभर कीर्तन केल्यासारखा चालू. आणि रविवार? कागदावरचा रविवार मी शून्य धरला होता. खऱ्या रविवारी संस्थेचं सभागृह लग्नांना दिलं जायचं. खाली सनई, वर एसी, आणि गच्चीवर आचाऱ्यांचे दिवे. वर्षाअखेरीला मीटरनं जो आकडा दाखवला तो माझ्या आकड्याच्या दुपटीला टेकला होता.

या सगळ्याची खबर जगात एकाच माणसाला होती. मामा मीटरच्या खोलीत भिंतीवर खडूनं लिहायचा. वही नाही, संगणक नाही. प्रत्येक मजल्याच्या, पंपाच्या, सभागृहाच्या लायनीला त्यानं स्वतः छोटी मीटरं बसवली होती, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचे आकडे भिंतीवर. रविवारचा रकाना वेगळा. सुट्टी असली तरी जेवून उठला की सायकल काढून यायचा. मामी म्हणायची, "रविवारी तरी बायकोचं तोंड बघा." तर म्हणे, "तुजं बघितलंय. तिचं आज बघायचंय, कोन नसताना कशी वागते ती."

आणि मग आली परीक्षा. या इमारतीत दिव्यांना मी सेन्सर लावले होते: खोलीत हालचाल असेल तर दिवा चालू, हालचाल थांबली की दहा मिनिटांत बंद. हालचालच ओळखणारी साधी जात मी निवडली, कारण कागदावर तिच्यामुळे सगळ्यात जास्त वीज वाचत होती. माणूस श्वास घेतोय तेवढ्यावर चालू राहणारी दुसरी जात असते. ती मी नाकारली. आता परीक्षेत मुलं काय करतात? मान खाली घालून लिहितात. जितकं पोर हुशार तितकं कमी हलतं. पहिल्याच पेपरला दहा मिनिटांनी सगळा हॉल काळाठिक्कर. पर्यवेक्षक बाईंनी दोन्ही हात हलवले, दिवे आले. दहा मिनिटांनी परत गेले. प्राचार्यांनी मामाला बोलावून आणलं आणि हुकूम दिला, की परीक्षा संपेपर्यंत हॉलमध्ये उभं राहून हालचाल करायची. तीन दिवस माझा मामा, वय वर्षं सत्तावन्न, दोनशे मुलांच्या मधोमध उभा राहून खांद्यावरचा पंचा गरगर फिरवत होता. मुलं पेपर सोडून त्याच्याकडे बघत होती. एकानं तर हळूच शीळ घातली. चौथ्या दिवशी प्राचार्य स्वतःच म्हणाले, "अहो, बंद करा हा तमाशा. चिकटवा काहीतरी त्या डोळ्यांवर." मामानं काळी टेप आणली, शिडी लावली आणि एकवीस सेन्सरांवर एकेक तुकडा चिकटवला. हुकूम तोंडी होता. मामाला वरून आलेले सगळे हुकूम आयुष्यभर तोंडीच आले; लेखी आली ती फक्त विचारणा.

दुसऱ्या वर्षी संस्थेनं आमच्या कंपनीला विचारलं, की तुम्ही सांगितलेला आकडा आणि मीटरचा आकडा यांत एवढी तफावत का. साहेबांनी मला बोलावलं. आमचे साहेब फार गोड बोलतात. "हे बघ," ते म्हणाले, "हिशेब चुकला असं आपण कधी लिहीत नाही. हिशेब चुकत नसतो. वापर चुकतो. जाऊन वापरातल्या त्रुटी शोधून आण." मी गेले. दारात प्राचार्य, त्यांच्या मागे दोन पावलांवर मामा, निळा शर्ट, कानावर टेस्टर. आमची नजरानजर झाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच पुढे आला, हात जोडले आणि म्हणाला, "या मॅडम. बिल्डिंग दाखवतो."

मला सांगायला आवडेल की मी तेव्हाच म्हटलं, हा माझा मामा. मी म्हटलं नाही. त्यानं मला वाट करून दिली होती आणि मी त्या वाटेनं चालत गेले. इंजिनीअरबाईंचा मामा त्यांच्याच इमारतीत कंत्राटी वायरमन, हे प्राचार्यांना कळलं असतं तर माझं काय गेलं असतं? ते मी त्या दिवसापासून शोधते आहे. अजून काही सापडलेलं नाही. दिवसभर तो मला "मॅडम" म्हणत होता आणि मी त्याला "अहो, ही शिडी इकडे घ्या" म्हणत होते. हॉलमध्ये वर बघितलं, तर सेन्सरवर काळी टेप. पुढचा, त्यावरही टेप. एकवीसच्या एकवीस. आणि माझ्या मनात काय आलं ते मी आज लपवत नाही: मला आनंद झाला. सापडली त्रुटी. प्राचार्यांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "अरेरे! हे कोणी केलं?" मामा त्यांच्याकडे बघत राहिला.

मग तो मला मीटरच्या खोलीत घेऊन गेला. प्राचार्य फोनवर बोलायला बाहेर थांबले. मामानं दिवा लावला आणि भिंतीकडे बोट केलं. जमिनीपासून डोक्यापर्यंत आकडे. "हे बघ बाय," तो हळू आवाजात म्हणाला, "दिव्यांचा रकाना हा. सगळ्यात लहान. प्रिन्सिपल सरांनी टेप लावायला सांगितली त्याच्या आदी केवढा, मागून केवढा, बघ, फरक बोटभर. आनि हा पच्छिमेच्या एसीचा. हा पंप. हा रविवार. वीज कुठं जाते ते इथं हाय. लिवून घे." मी फोन काढून भिंतीचा फोटो घेतला. मला सगळं समजलं होतं. मी इंजिनीअर आहे, असं समजायला मला अर्धं मिनिट पुरतं. काच माझी, खिडक्या माझ्या, शून्य रविवार माझा, सेन्सरची जात माझी. त्या भिंतीवर मामाच्या अक्षरात माझी चूक लिहिलेली होती.

अहवालात मी लिहिलं: "दिव्यांचे सर्व सेन्सर देखभाल कर्मचाऱ्याने टेप लावून निकामी केलेले आढळले." या वाक्यातला शब्द न् शब्द खरा आहे. खाली सही माझी. पंप, पडदे, रविवार हे सगळं "इतर किरकोळ बाबी" या मथळ्याखाली तीन ओळींत बसवलं. फोटो जोडला नाही. साहेब म्हणाले, "छान. मुद्देसूद." महिना भरला आणि कंत्राटदारानं मामाला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मामानं आम्हाला कळवलं नाही. मामीनं आईला सांगितलं, आणि तेही अशा थाटात, की "आता हे घरीच असतात, माझ्या डाळीच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतात." आई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी ओळख आहे ना गं तिथं? एक शब्द टाक की." मी म्हटलं, बघते. पुढच्या आठवड्यात संस्थेकडे कोणी पाहुणे येणार म्हणून मीटरच्या खोलीला चुना मारला गेला आणि भिंत पांढरी झाली.

इमारत मात्र होती तशीच राहिली. नव्या माणसानं टेप काढली. परीक्षा आली, दिवे गेले, नव्या माणसानं पंचा फिरवला, चौथ्या दिवशी टेप लावली. अगदी तस्सं. वर्षाअखेरीला आकडा मागच्यापेक्षा थोडा वरच गेला, कारण आता गळकी टाकी बघायला रविवारी सायकलवरून कोणी येत नव्हतं. संस्थेनं परत विचारलं. साहेबांनी मागचाच अहवाल माझ्यापुढे सरकवला. "तारीख बदल आणि दे." त्या अहवालात माणसाचं नाव नव्हतंच, त्यामुळे नुसती तारीख बदलून तो दुसऱ्या माणसालाही बरोबर बसत होता. तेव्हा माझा हात थांबला. मामासाठी थांबला नव्हता, हे लक्षात ठेवा. ज्याला मी ओळखतही नव्हते त्या माणसासाठी थांबला, आणि म्हणूनच मला माझी जास्त लाज वाटली.

मी नवा अहवाल लिहिला. हिशेब माझा चुकला, कुठे कुठे चुकला, सेन्सर बदला, काचेला बाहेरून सावली द्या, टाकी दुरुस्त करा, टेप तोंडी हुकमावरून लागली होती, आणि हा त्या भिंतीचा फोटो, हे आकडे अमुक कर्मचाऱ्यानं घेतलेले आहेत आणि ते माझ्या आकड्यांपेक्षा खरे आहेत. तो मी साहेबांना न विचारता थेट संस्थेला पाठवला. मग बसून राहिले, आता आभाळ कोसळेल म्हणून. साहेब दोन दिवस बोलले नाहीत. मग मला त्या कामावरून काढून दुसऱ्या कामावर घातलं. बस. एवढंच. नोकरी गेली नाही, पदवी भिंतीवरून पडली नाही. खरं लिहिण्याची किंमत एवढीशी होती आणि ती टाळायला मी वर्षभर आधी माझ्या मामाला पुढे केलं होतं. आभाळ कोसळलं असतं तर निदान मनाला काहीतरी टेकू मिळाला असता.

एका दुपारी नायगावला गेले. मामा वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होता. मला बघून म्हणाला, "अगं, उन्हाची कशी आलीस?" आणि कोयता ठेवून हात धुवायला लागला. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पहिला अहवाल, ते वाक्य, न जोडलेला फोटो, दुसरा अहवाल. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही. हात धुऊन, पंच्याला पुसून, बांधावर बसला.

"तू खोटं नाय लिवलंस," तो म्हणाला. "अर्दं लिवलंस."

"तुला माहीत होतं?"

"कंत्राटदारानं कागुद दाखवला ना. खाली सही वाचली. नीट काढतेस सही." हे टोचून बोलणं नव्हतं. ते असतं तर मला बरं वाटलं असतं. मग एकदम त्यानं विचारलं, "सेन्सर बदलनार का ते? पोरांची परीक्षा मार्चात हाय."

"बदलू म्हणालेत."

"मंग झालं."

"आणि तुझं, मामा? तुला परत बोलवा असं मी शेवटी लिहिलंय. त्याचं उत्तर नाही आलं."

"नाय यायचं," तो म्हणाला. "साठीपर्यंत दोनच वर्सं राहिली होती माजी तिथं. मला ती बिल्डिंग आवडायची गं. खोडकर होती, पन आवडायची." आणि त्यानं केळीच्या बुंध्याकडे बघत, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, एक लांब श्वास सोडला. मी रडले असते, पण मामीनं आतून हाक मारली की पानं वाढलीत. जेवताना त्यानं मला बोंबलाचं कालवण दोनदा आग्रह करून वाढलं, आणि मी दोन्ही वेळा घेतलं.

निघताना तो मोठ्या रस्त्यापर्यंत आला. मी नको म्हणत होते तरी रिक्षा त्यानंच थांबवली, डोकं आत घालून रिक्षावाल्याला म्हणाला, "स्टेशनला सोड. खड्ड्यातनं सावकाश ने. माजी भाची हाय, इंजिनीअर." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला, मिनिटभर, डोळे मिटून, आणि काही न बोलता वळून वाडीकडे चालायला लागला.

रिक्षा सुटली. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "मामांनी आमच्या घरचं सगळं वायरिंग केलंय, ताई. एक नंबर माणूस. तुम्हाला पण त्यांनीच शिकवलं का?"

"हो," मी म्हटलं.

शिकले किती, ते त्यानं विचारलं नाही.